पाहणे आणि जवळ जाणे

(वाचन : निर्गम, अध्याय 1; लूक, अध्याय 10)



यरीहोच्या वाटेवर घायाळ होऊन पडलेल्या मनुष्याचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही पाठ आहे. परंतु त्यातील एक गोष्ट वाचताना सहसा निसटून जाते. त्या वाटेने जाणाऱ्या तिघांनीही त्या मनुष्यास पाहिले होते. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. याजकाची दृष्टी मंद होती, किंवा त्या वेळी अंधार पडला होता, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. दिसण्यात तिघांमध्ये काडीचाही फरक नव्हता. फरक पडला तो पाहिल्यानंतर ज्याचे त्याचे पाय कोणीकडे वळले यात.

हा दाखला या आठवड्यात आम्ही एका अगदी निराळ्या कामाच्या संबंधाने वाचकांपुढे ठेवीत आहो. ते काम म्हणजे, जेथे डॉक्टर थोडे व पैसा त्याहून थोडा, अशा देशांतील खेड्यांच्या दवाखान्यांत सुइणींस सोनोग्राफी करावयास शिकवणे. व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यांनी पवित्र शास्त्रात सुइणी कोठे कोठे आल्या आहेत हे आठवावे.

एफ्राथास पोहोचण्यापूर्वी वाटेतच राहेल अडली. सुईण जवळ होती. तिने धीर दिला, मुलगा होत आहे असे सांगितले. मूल जगले, आई गेली, आणि याकोबाने तिला वाटेच्या कडेला पुरले. तामारेची गोष्ट उत्पत्तीच्या 38 व्या अध्यायात आहे. तिच्या पोटात जुळे आहे हे प्रसूतीच्या वेळी दिसून आले. एका बाळाचा हात प्रथम बाहेर आला तेव्हा सुइणीने त्याला किरमिजी दोरा बांधला. तो हात मागे घेतला गेला आणि दुसरेच बाळ आधी जन्मले. ज्या बायांनी आपल्या हातांनी बाळंतपणे केली आहेत त्यांच्या अंगावर हे वाचून काटा येईल, कारण हात आधी बाहेर येणे म्हणजे काय हे त्या जाणतात. तामार वाचली. पुष्कळजणी वाचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2023 या एका वर्षात गरोदरपण व बाळंतपण यांच्या कारणाने सुमारे 2,60,000 स्त्रिया मरण पावल्या; म्हणजे दर दिवशी सातशेहून अधिक. त्यांपैकी शंभरात सत्तर आफ्रिका खंडाच्या, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांतील होत्या.

म्हणून आपण त्याच खंडातील युगांडा देशाकडे पाहू. तेथील कंपाला शहरात मेंगो येथे 1897 साली डॉक्टर आल्बर्ट कुक नावाच्या मिशनरी गृहस्थांनी रुग्णालय स्थापिले. त्यांच्याबरोबर त्याच वर्षी गेलेल्या परिचारिका कॅथरिन टिंप्सन या पुढे त्यांच्या पत्नी झाल्या, आणि त्या देशातील मुलींस सुइणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याचे काम पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास या पतिपत्नींनी हाती घेतले. डॉक्टरांचे पुतणे अर्नेस्ट कुक यांनी 1907 साली मेंगो येथे क्ष-किरणांचे यंत्र आणले. आज त्याच मेंगोच्या आवारात अर्नेस्ट कुक यांच्या नावाची एक संस्था सोनोग्राफीचे शिक्षण देते. ज्या ठिकाणी सुईण शिकली, त्याच ठिकाणी पुढे तिच्या हाती हे यंत्र देण्याचा विचार रुजला, यात आम्हांस काही नवल वाटत नाही.

यंत्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्या खेड्यांत त्याची भीती अजून पुष्कळ आहे. यात क्ष-किरण मुळीच नसतात. येथे डोळ्याचे काम आवाज करतो. अंधाऱ्या आडात खडा टाकून, आवाज किती वेळाने वर येतो यावरून पाण्याची खोली ताडावी, तशीच ही युक्ती आहे. मनुष्याच्या कानास एका सेकंदात सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो; हे यंत्र वीस लाखांपासून पन्नास लाख कंपनांपर्यंतचा नाद पोटात सोडते. तो हाडावर आपटून एका तऱ्हेने परततो, मांसावरून दुसऱ्या तऱ्हेने, आणि पाण्यातून तर तसाच पुढे जातो. त्या परतण्यावरून पडद्यावर चित्र उमटते. मध्ये हवा राहिली तर नाद आत शिरत नाही, म्हणून पोटास जेली लावतात. लोखंडाच्या आत चीर आहे काय हे अशा नादाने तपासण्याची रीत कारखान्यांत आधीच होती. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी ती मनुष्याच्या पोटाकडे वळवली आणि 1958 साली आपल्या सोबत्यांसह तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या काळचे यंत्र खोलीत जेमतेम मावे. आताचे एखादे झग्याच्या खिशात राहते व मोबाइलच्या पडद्यावर चित्र दाखवते.

आता सुइणीस यातले शिकवतात काय? तिला डॉक्टर करीत नाहीत. तिने थोड्याच गोष्टी पाहावयाच्या असतात, पण त्या नीट पाहावयाच्या असतात. बाळाचे काळीज चालू आहे काय. पोटात एक आहे की जुळे. डोके खाली आहे, की मूल पायाळू आहे, की आडवे पडले आहे. भोवतीचे पाणी पुरेसे आहे काय. वार कोठे चिकटली आहे. आणि किती आठवडे झाले आहेत. यांपैकी वारेचा प्रश्न सर्वांत गंभीर होय. वार जर गर्भाशयाच्या तोंडावरच बसली असेल, तर बाळास बाहेर येण्याची वाट तीच अडवते, आणि कळा सुरू झाल्या की रक्ताचा पाट वाहू लागतो. अशा बाईस घरी किंवा लहान दवाखान्यात बाळंत होऊ देणे म्हणजे तिला मृत्यूच्या हाती देणे आहे. हाताने पोट चाचपून ही गोष्ट कळत नाही. तथापि चौथ्या-पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार गर्भाशय वाढता वाढता पुष्कळदा वर सरकते. म्हणून सुइणीस हेही शिकवावे लागते की, बाईस घाबरवू नये, शेवटल्या महिन्यांत पुन्हा बोलवून पाहावे.

आठवड्यांचे गणित का, हेही शेतकऱ्यास लवकर समजेल. भाताची रोपे उगवून आल्यावर पहिले काही दिवस सगळ्या वाफ्यांत सारख्याच उंचीची असतात. उंचीवरून पेरणीचा दिवस सांगता येतो. पुढे खत, पाणी व जमीन यांप्रमाणे ती लहानमोठी होतात आणि मग उंचीवरून दिवस सांगू गेल्यास चूक होते. पोटातील बाळाचे तसेच आहे. याच कारणास्तव जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली सल्ला दिला की, प्रत्येक गरोदर स्त्रीची निदान एक सोनोग्राफी 24 आठवड्यांच्या आत व्हावी. 2022 साली तोच सल्ला तिने पुन्हा दिला. दिवस नक्की ठाऊक असले म्हणजे, कळा सातव्या महिन्यात येत आहेत की नवव्या, हे कळते आणि उपाय त्याप्रमाणे करता येतो.

युगांडाच्या नैर्ऋत्य भागात इसिंगिरो नावाचा जिल्हा आहे. तेथील सुइणींनी पूर्वी हे यंत्र कधी हाती धरले नव्हते. त्यांस सहा आठवडे शिकवले. नंतर प्रत्येक गरोदर बाईस त्या प्रथम आपल्या नेहमीच्या रीतीने, हाताने व नळीने, तपासीत आणि आपले मत लिहून ठेवीत. मग यंत्र लावीत. 2014 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. शंभर तपासण्यांपैकी बारांपर्यंत तपासण्यांत यंत्राने आधीचे मत बदलावयास लावले. त्यांनी काढलेली चित्रे जाणत्यांनी पुन्हा तपासली तेव्हा जुळे ओळखण्यात त्या चुकलेल्या आढळल्या नाहीत, आणि बाळ डोक्याकडून आहे की पायाकडून हे त्यांनी बहुतेक वेळा बरोबर सांगितले होते. ज्या बायांविषयी शिकलेले लोक म्हणत की हे काम यांच्या आवाक्यातले नव्हे, त्यांनी ते करून दाखवले. आमच्या मते अडचण सुइणीच्या बुद्धीत कधीच नव्हती; तिला कोणी शिकवीत नव्हते इतकेच.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, तर मग काम झाले. गावोगाव यंत्रे द्या, म्हणजे बाया वाचतील. थांबा.

कांगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झांबिया अशा पाच देशांत एक मोठा प्रयोग झाला व त्याचा निकाल 2018 साली छापला गेला. काही भागांतील दवाखान्यांत सुइणी, परिचारिका व इतर कामकरी यांस सोनोग्राफी शिकवून गरोदर स्त्रियांची तपासणी केली. तसल्याच दुसऱ्या भागांत पूर्वीचीच रीत चालू ठेवली. मग दोहोंची तुलना केली. शिकलेल्यांनी काढलेली चित्रे चांगली होती. परंतु आया व बाळे यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. रुग्णालयात येऊन बाळंत होणाऱ्यांची संख्याही वाढली नाही, आणि तपासणीस येणाऱ्यांचीही नाही.

हा निकाल आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. युगांडातीलच कामुली जिल्ह्यात नवान्यागो नावाच्या गावी 2010 च्या सुमारास असेच काम सुरू झाले होते, आणि तेथे दवाखान्यात तपासणीस व बाळंतपणास येणाऱ्या स्त्रिया वाढल्या असे 2013 साली प्रसिद्ध झाले. तो वृत्तांत आनंदाचा आहे. परंतु एका दवाखान्याच्या आधीच्या व नंतरच्या आकड्यांपेक्षा पाच देशांतील तुलनेचे वजन अधिक, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या गोष्टीचा आपण पुरस्कार करतो तिच्या विरुद्ध जाणारी साक्ष लपवणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही.

तर असे का झाले असावे? मूल आडवे आहे असे सुइणीस पडद्यावर दिसले. तिने चिठ्ठी लिहून दिली. पुढे काय? रुग्णालय दूर, रस्ता चिखलाचा, नेणारे वाहन एक मोटरसायकल, तिचे भाडे घरात नाही, नवरा मजुरीस गेलेला, सासू म्हणते, आमची सर्व बाळंतपणे याच ओसरीवर झाली. आणि एवढे सर्व पार करून बाई रुग्णालयाच्या दाराशी पोहोचली तरी तेथे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर त्या रात्री आहे काय? रक्त आहे काय? नसेल, तर तिच्या पोटाचे चित्र कितीही स्वच्छ निघालेले असले तरी तिला त्याचा उपयोग नाही. सोनोग्राफीने याजकासही दिसते, लेव्यासही दिसते. शोमरोन्याने पाहिले, आणि मग तेल व द्राक्षारस काढला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर त्याला बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर जवळ राहिला आणि सकाळी पैसे मोजले. प्रभूने ती सर्व कामे एकामागून एक सांगितली आहेत. पाहण्यास मात्र त्याने एकच शब्द दिला आहे.

शिवाय यंत्र सर्व काही दाखवीतही नाही. बाळ जन्मल्यावर होणारा रक्तस्राव, ज्याने सर्वांत अधिक आया दगावतात, त्याची सूचना पडद्यावर सहसा मिळत नाही. रक्तदाब मोजण्याची पट्टी बांधावीच लागते, रक्त व लघवी तपासावीच लागते, पायांची सूज पाहावीच लागते. बाळाचे चित्र पाहिले म्हणजे सर्व कुशल आहे, असे समजून जी बाई पुढच्या तपासणीस येत नाही, तिचे यंत्राने नुकसानच केले. मग विजेचा प्रश्न आहे, धुळीचा आहे, जेली संपण्याचा आहे (कसाव्याच्या पिठाची खळ करून जेलीऐवजी वापरण्याचे प्रयोगही झाले आहेत), आणि यंत्र बिघडल्यास ते दुरुस्त करणारा शंभर कोसांत नसण्याचा आहे. दहा कुमारींच्या दाखल्यातील मशालींची आठवण येथे कोणासही होईल.

अलीकडे यंत्रास स्वतःच चित्र वाचावयास शिकवण्याचे काम चालू आहे. झांबियातील लुसाका व अमेरिकेतील चॅपल हिल येथील चारशे स्त्रियांवर केलेल्या एका पाहणीचा निकाल 2024 साली प्रसिद्ध झाला. सोनोग्राफी कधी न शिकलेल्या मनुष्याने पोटावरून नुसते यंत्र फिरवले, तरी गणक यंत्राने आठवड्यांचा हिशेब जवळजवळ जाणत्याइतकाच बरोबर सांगितला. हे फार उपयोगाचे होईल असे आम्हांस वाटते. पण एक काम ते करू शकणार नाही. सुईण प्रोब पोटावर ठेवते, बाई तिच्या तोंडाकडे पाहत असते, आणि पडद्यावर काळीज हलताना दिसत नाही. ती पुन्हा पाहते, कोन बदलून पाहते. बाई विचारते, बाळ कसे आहे? त्या क्षणी काय बोलावे, किती वेळ गप्प राहावे, हात कोठे ठेवावा, नवऱ्यास आत बोलवावे की आधी तिलाच सांगावे, हे सहा आठवड्यांत पुरते शिकवता येत नाही. राहेलीच्या सुइणीजवळ यंत्र नव्हते, औषध नव्हते; भिऊ नको असे म्हणावयास ती जवळ होती, एवढेच शास्त्र तिच्याविषयी सांगते.

आता आपल्या देशाकडे येऊ. येथे सुइणीने किंवा परिचारिकेने सोनोग्राफी करण्यास कायद्याने परवानगी नाही. नोंदलेल्या केंद्रात पात्र डॉक्टरांनीच ती करावयाची आहे. असे का, हे सांगताना लाज वाटते, परंतु सांगितले पाहिजे. मिसर देशात फारोने इब्री सुइणींस हुकूम केला की, मुलगा झाल्यास मारा, मुलगी झाल्यास जगू द्या. शिप्रा व पुवा यांनी देवाचे भय धरले आणि राजाचा हुकूम मोडला. आमच्या देशात कोणी फारो नव्हता. कोणी राजाने आज्ञा केली नव्हती. घरच्याच माणसांनी पैसे मोजून यंत्रास विचारले, मुलगी आहे काय, आणि असल्यास तिला जन्मू दिले नाही. ज्या दिव्याने वार कोठे आहे हे पाहावयाचे, त्याच दिव्याने मुलगी शोधली. महाराष्ट्राने याविरुद्ध 1988 साली सर्व राज्यांच्या आधी कायदा केला. 1994 साली सर्व देशासाठी झाला. तरीही 2001 च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, त्या 2011 साली 894 उरल्या. आपल्या मंडळ्यांत असे होत नाही, असे छाती ठोकून म्हणण्यापूर्वी प्रत्येक उपदेशकाने आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीतील मुलामुलींची संख्या एकदा मोजून पाहावी.

म्हणजे युगांडातील सुइणीस जे करता येते ते आपल्या गावच्या नर्सबाईस करता येणार नाही. आणि यंत्राचा जो दुरुपयोग येथे झाला तो पाहता, हा निर्बंध आज उठवावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु पाच देशांच्या त्या प्रयोगात जे उणे पडले, ते आपल्या हातचे आहे. तेथे यंत्र होते, पुढची वाट नव्हती. येथे वाट पुष्कळ ठिकाणी आहे. तीवरून बाईस कोणी नेत नाही.

2016 सालापासून दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते. ती तारीख उपदेशकांनी रविवारच्या भक्तीनंतर इतर सूचनांबरोबर वाचून दाखवावी, आणि ती पुरुषांच्याही कानी जाईल अशी वाचावी. चौथा महिना लागलेली बाई मंडळीत आहे काय, हे बायबलबाईंस बहुधा आधी कळते. 24 आठवडे उलटण्यापूर्वी तिची सोनोग्राफी झाली काय, हे त्यांनी तिला विचारावे. झाली असल्यास कागद घेऊन आशाताईंकडे किंवा नर्सबाईंकडे जावे व त्यात काय लिहिले आहे ते समजून घ्यावे, कारण तो कागद पत्र्याच्या पेटीत साडीच्या घडीखाली जपून ठेवलेला आम्ही पुष्कळ घरांत पाहिला आहे, आणि वाचलेला फार थोड्या घरांत. वार खाली आहे, जुळे आहे, मूल पायाळू आहे, असे त्यात निघाल्यास घरच्या वडील माणसांशी बोलण्यास पाळकांनी स्वतः जावे. सासूबाईंचा विरोध असल्यास त्यांच्याच वयाची दुसरी बाई बरोबर न्यावी. 108 ची गाडी आपल्या वस्तीपर्यंत येते काय, की फाट्यावरच थांबते, हे आधी जाऊन पाहावे. फाट्यापर्यंत कोणाची जीप, ती नसल्यास कोणाची बैलगाडी, रात्री हाक मारावयाची ती कोणाच्या दारी, घरातील लहान मुले त्या रात्री कोणाकडे झोपतील, रक्त देण्यास कोणते दोघे तरुण रुग्णालयापर्यंत बरोबर जातील, ही नावे कागदावर लिहून त्या बाईच्या घरी द्यावी. आणि दिवस पावसाळ्यात भरत असतील, तर ओढ्यास पाणी येण्यापूर्वीच तिला अलीकडच्या तीरावरील कोणत्या घरी राहावयास आणावे, हेही आताच ठरवून ठेवावे.